पान म्हणते बीटी, मग बोंडात अळी कशी?

पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीच्या झाडाचं, कोवळं पान नळीत घालायचं, थोडं द्रावण टाकून चेंदायचं आणि त्या हिरव्या रसात कागदी पट्टी उभी करायची. काही मिनिटांत एकच लाल रेघ उमटली तर झाड बिगर-बीटी, दोन उमटल्या तर बीटी, म्हणजे बोंडअळीला मारणारं जिवाणूचं प्रथिन स्वतःच बनवणारं. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेनं असा संच तयार केला, तेव्हा बियाण्यातली फसवणूक बांधावरच ओळखता येऊ लागली.

ही किमया प्रतिपिंडांची. सशाला किंवा उंदराला बीटीचं क्राय प्रथिन टोचलं की त्याचं शरीर नेमकं तेच प्रथिन धरणारी प्रतिपिंडं घडवतं. पट्टीत ती सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांवर बसवलेली असतात. रस वर चढताना ती क्रायला पकडतात, पुढे रेघेवरची दुसरी प्रतिपिंडं ही जोडी अडवतात. तिथे साचलेलं सोनं लाल दिसतं. वरची रेघ पट्टी धड असल्याची खूण. तीच आली नाही तर निकाल धरू नका. गडचिरोलीत आशाताई मलेरियासाठी बोटातला थेंब घेतात, ती किटही याच तत्त्वावर चालते.

पट्टी हो की नाही एवढंच सांगते. ‘किती’ हे एलायझा ही प्रयोगशाळेतली चाचणी सांगते. १९७१ साली स्वीडन आणि नेदरलँड्समध्ये स्वतंत्रपणे पुढे आलेली ही पद्धत. ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये प्रतिपिंडं अडकवलेली असतात; त्यांनी धरलेल्या प्रथिनावर विकर (एन्झाइम) जोडलेली दुसरी प्रतिपिंडं बसतात आणि विकर रंग आणतं. रंग गडद तितकं प्रथिन जास्त. ठाऊक प्रमाणाच्या नमुन्यांशी ताडून आकडा निघतो.

याच मोजणीतून शेतकऱ्याला जिव्हारी लागणारी गोष्ट कळली. क्राय१एसी हे बीटीचं प्रथिन पानात भरपूर, पण बोंडाच्या सालीत आणि फुलात कमी. शिवाय पीक जुनं होईल तसं ते घटत जातं. पानावर दोन रेघा आल्या म्हणून बोंड सुरक्षित होत नाही. त्यात गुलाबी बोंडअळी आता प्रतिकारक झाली आहे: प्रथिन असूनही मरत नाही. ते चाचणीला दिसणं शक्यच नाही. त्यासाठी डोमकळ्या (आत अळी असलेली, नीट न उमलणारी फुलं) शोधाव्या लागतात, मादीच्या गंधानं नर ओढणाऱ्या कामगंध सापळ्यातले पतंग मोजावे लागतात.

आणखी एक. हल्लीच्या बीटी पाकिटात थोडं बिगर-बीटी बियाणं मुद्दाम मिसळलेलं असतं, म्हणून एका झाडावरून कृषी केंद्राशी भांडू नका. वीस-पंचवीस झाडं तपासा. एखाद्यावर एकच रेघ आली तर ते उपटू नका. त्यावर जगलेले साधे पतंग प्रतिकारक पतंगांशी जुळतात आणि प्रतिकाराचा वेग मंदावतो.