बॅन्शी

आयरिश लोककथांतील स्त्री-आत्मा. घरातल्या कुणाचा मृत्यू जवळ आला की रात्री घराबाहेर ती हेल काढून रडते, अशी समजूत आहे. शब्दात मात्र ना मरण आहे, ना रडणे. आयरिश भाषेतील ‘बॅन शी’ म्हणजे शब्दशः ‘टेकडीतली बाई’. जुने रूप ‘बेन शीदे’. इंग्रजीने अठराव्या शतकात ही दोन पदे जोडून एकच शब्द केला.

‘बॅन’ म्हणजे स्त्री. वेदातला ‘जनि’ (स्त्री, पत्नी) हा त्याच इंडो-युरोपीय कुळातला, म्हणजे दूरचा भाऊबंदच. ‘शी’चे जुने रूप ‘शीद’. ते ‘बसणे’ या अर्थाच्या मूळ धातूपासून आले, असे सामान्यतः मानतात. संस्कृत ‘सद्’, ‘सदन’ त्याच धातूचे. ‘शीद’चा अर्थ देवांचे आसन, निवासस्थान, म्हणजेच ते राहतात ती टेकडी. जुन्या आयरिशमध्ये ‘शीद’चा दुसरा अर्थ शांतता असाही होतो, आणि या दोन अर्थांच्या नात्यावर अभ्यासकांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे.

या टेकड्या म्हणजे बहुधा नवाश्मयुगीन थडगी. बॉइन नदीच्या खोऱ्यातले न्यूग्रेंज सुमारे इ. स. पू. ३२०० चे, त्याच्या आयरिश नावातही ‘शी’ आहे. मिथककथेनुसार तुआहा दे दानन हे दैवी कुळ पराभवानंतर अशा टेकड्यांखाली राहायला गेले. बॅन्शी त्यांच्यातलीच, म्हणून तिला ‘हडळ’ म्हणणे चूक. ती कुणाला मारत नाही, झपाटत नाही, फक्त चाहूल देते. तीही सगळ्यांना नव्हे: नावाआधी ‘ओ’ किंवा ‘मॅक’ लागणाऱ्या जुन्या घराण्यांनाच, असे परंपरा सांगते. घराण्याची बॅन्शी असणे हा एक प्रकारे कुलीनतेचा दाखलाच! इ. स. १०१४ च्या क्लॉन्टार्फच्या लढाईआधी राजा ब्रायन बोरू याला मृत्यूची सूचना देणारी ईव्हल ही त्याच्या दाल गॅश कुळाची रक्षक मानली जाई.

रडण्याचा भाग बहुधा माणसांकडून आला असावा. आयर्लंडमध्ये मयताला गाऊन विलाप करणाऱ्या बायका असत. त्यांना ‘बॅन ख्वींते’ म्हणत. तिथल्या आग्नेय भागात बॅन्शीला वेगळेच नाव आहे. ते युद्धभूमीवर कावळ्याच्या रूपात घिरट्या घालणाऱ्या बाइव्ह या प्राचीन देवतेचे. बॅन्शी केस विंचरते असेही सांगतात, त्यामुळे वाटेत पडलेला कंगवा उचलू नये, अशी ताकीद मुलांना असे.