चाळणीतून निसटलेले मासे

कमाटीबागेतल्या संग्रहालयात देवमाशाचा सांगाडा आहे, 1944 साली महीच्या मुखाकडे वाहून आलेला. बडोद्याच्या बहुतेक मुलांनी त्याच्याजवळ उभं राहून मान वर करून पाहिलेलं असतं. नाव देवमासा असलं तरी तो सस्तन प्राणी. प्राचीन माणसानं खाल्लेल्या खऱ्या माशांचा शोध घ्यायचा तर जमिनीवर वाकून तिळाएवढ्या, तांदळाएवढ्या हाडांकडे पाहावं लागतं.

गेल्या पावसाळ्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी मी एक प्रयोग केला. शिंगाळा आणि मांदेली यांचे जेवणानंतर उरलेले काटे धुऊन वाळवले, कुंडीतल्या कोरड्या मातीत मिसळले आणि आत्याकडून तीन चाळण्या मागून घेतल्या: गव्हाची, रव्याची आणि मैद्याची. गव्हाच्या चाळणीत शिंगाळ्याचे मणके आणि कवटीची हाडं राहिली, मांदेली मात्र जवळजवळ सगळी गळून गेली. तिचे मणके रव्याच्या चाळणीत अडकले. मैद्याच्या चाळणीत माती तुंबली, पण निवडत बसल्यावर केसासारखे काटे हाताला लागले.

गव्हाच्या चाळणीवरच जो थांबेल तो म्हणेल, या घरात फक्त शिंगाळा खायचे.

पुरातत्त्वात अनेक दशकं असंच होत राहिलं. उत्खननात माती उकरताना गाई-बैलांची, हरणांची हाडं डोळ्यांना दिसत आणि हातानं उचलली जात. बाकीचं मातीच्या ढिगाऱ्यावर जाई. 1970 नंतर चाळण्याचं महत्त्व हळूहळू पटत गेलं. आता निवडक थरांची माती पाण्यात भिजवून एक-दोन मिलिमीटरच्या जाळीतून काढतात. काम फार कष्टाचं, म्हणून सगळी माती चाळणं शक्य नसतं. हडप्पा संस्कृती म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गहू, बैल आणि गाडी येते, मासा सहसा येत नाही. त्यात या चाळणीचाही वाटा आहे, असं मला मनापासून वाटतं. आपल्या सयाजीराव विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागानं कच्छच्या आखाताच्या परिसरात नागेश्वर आणि बागसरा इथं उत्खननं केली, तेव्हा शंखाच्या बांगड्या घडवण्याच्या जागा उजेडात आल्या. शंख मोठा, तो नजरेतून सुटत नाही.

हाड एकदा हाती आलं की ते बरंच सांगतं. माशाचा मणका दोन्ही बाजूंनी खोलगट, डमरूसारखा असतो आणि त्यावर झाडाच्या खोडासारखी वाढीची वलयं असतात. त्याहून बोलका असतो कानातला खडा, माशाचा तोल सांभाळणारा. शिंगाळ्याचा तर चांगला मोठा असतो, आणि जेवताना आपण तो ताटाच्या कडेला काढून ठेवतो. मासा जगतो तोवर या खड्यावर थरावर थर चढत राहतात. शेवटचा थर पाहून मासा कोणत्या ऋतूत मेला याचा अंदाज बांधता येतो, आणि त्यातल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून, म्हणजे कमी-अधिक वजनाच्या अणूंच्या प्रमाणावरून, पाणी किती गरम होतं याचा.

कधी फक्त दात उरतात. इस्रायलमधल्या गेशर बेनोत याकोव्ह इथं सुमारे 7 लाख 80 हजार वर्षांपूर्वीचे कार्प माशांचे घशातले दात मिळाले. त्यांच्या कवचातल्या स्फटिकांवरून 2022 मध्ये संशोधकांनी निष्कर्ष काढला की हे मासे मध्यम आचेवर शिजवलेले होते. तेव्हा आपली जात, होमो सेपियन्स, अजून जन्मायचीच होती.

पण माझं मन पुन्हा पुन्हा शिंगाळ्याकडेच वळतं. कराचीजवळच्या बालाकोटला हडप्पाकाळातल्या माशांच्या हाडांत करकरा या समुद्री माशाची हाडं सर्वात जास्त. गाव समुद्राजवळचं, त्यामुळे नवल नाही. हडप्पा मात्र समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, पंजाबात, रावीच्या जुन्या पात्राकाठी. नदीचे मासे हाताशी असताना तिथल्या हाडांत समुद्री शिंगाळाही ओळखला गेला आहे. ताजा मासा इतक्या उन्हात एवढी वाट टिकणं शक्य नाही. म्हणजे कोणीतरी किनाऱ्यावर तो चिरला, खारवला, वाळवला, बांधला, आणि बैलगाडीनं किंवा नावेनं वरच्या अंगाला धाडला. जाफराबादेच्या किनाऱ्यावर बांबूंना टांगून वाळवलेले बोंबील आजही असेच आतल्या गावांत जातात. दांडिया बाजारातल्या आमच्या फडताळातही आहेत, घट्ट झाकणाच्या डब्यात.