जाळं न विणणारा लाल कोळी

पान पिवळं पडलं की रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात निदान ठरलेलं असतं: 'लाल कोळी', म्हणजे पानाचा रस शोषणारी बारीकशी कीड. केळीची पावसाळी लागवड (मृगबाग) असो की हिवाळ्याच्या तोंडावरची (कांदेबाग), लगेच पंप पाठीवर. पण या एका नावाखाली दोन कुळं नांदतात. जाळं विणून पानावर पांढुरके ठिपके पाडतो तो टेट्रानिकिडी कुळातला. नारळावर पोसणारा राओएला इंडिका टेन्युइपाल्पिडीतला, म्हणजे चपट्या कोळ्यांपैकी. तो जाळं विणतच नाही. 1924 मध्ये कोळी-अभ्यासक हर्स्ट यांनी कोइमतूरच्या नारळपानांवरून त्याचं वर्णन केलं.

खरी गंमत त्याच्या जेवणात आहे. जाळीवाला कोळी पानाच्या सालीत सुईसारखे मुखावयव खुपसून आतल्या हिरव्या पेशी रिकाम्या करतो. नारळाच्या पानाची साल मात्र जाड, मेणचट. राओएला ती फोडत बसत नाही. पान ज्या छिद्रांतून श्वास घेतं, त्या पर्णरंध्रांतूनच तो सुया आत सारतो. रंध्रं मुख्यतः पानाच्या खालच्या बाजूला, म्हणून त्याचं बिऱ्हाडही तिथेच. रंध्रातच घुसखोरी झाल्यावर हवा-बाष्पाची देवाणघेवाण बिघडणार, हेही ओघानं आलं. यजमानांच्या यादीत नारळ, सुपारी, खजूर, केळी, शोभेचं हेलिकोनिया अशी एकदल मंडळीच का भरलेली, याचा एक धागा या रंध्रांच्या रचनेत असावा, असा अभ्यासकांचा कयास आहे.

यादी वाचताना एक भान हवं. वाऱ्यानं येऊन पडलेला कोळी कुठल्याही पानावर दिसेल. अंडी, सहा पायांची पिल्लं आणि प्रौढ सगळे एकाच झाडावर सापडले, तरच ते झाड यजमान. 2004 मध्ये तो कॅरिबियन बेटांवर, मार्टिनिकला पोहोचला आणि पुढे अमेरिका खंडात केळीवरही वसाहती करू लागला. त्यामुळे नारळाची रोपं बाहेरून आणून केळीच्या बांधावर लावणाऱ्यांनी आधी भिंग काढावं. दहापट भिंगातून खालच्या पानांची मागची बाजू, मधल्या शिरेलगत बघा: लालसर अंडी, त्यांच्या टोकाला केसासारखा दांडा, लाल मादीच्या पाठीवर काळे डाग, शेजारी पांढऱ्या काती. जाळं दिसलं तर कोळी दुसरा.

बाग 'नजरली' म्हणून लिंबू-मिरची टांगणाऱ्याचं निदान नुकसान तरी होत नाही. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक मारणाऱ्याचं होतं: कोळी खाणारे मित्रकीटक आधी मरतात आणि कोळी दुपटीनं उसळतो. त्यापेक्षा पाण्यात मिसळणारं 80 टक्के गंधक लिटरला 2 ते 3 ग्रॅम, फवारा पानाच्या पाठीवर. पारा 35 अंशांवर असेल तर नको, पान करपतं. खान्देशात म्हणजे मार्च सरता सरताच हा मार्ग बंद. तेलाची फवारणी झाली असेल तर मध्ये किमान दोन आठवडे जाऊ द्या.