नेमबाजीची पदकं नेमकी कुठल्या खात्यात?

जुलै 2025 मध्ये जर्मनीत ऱ्हाइन-रूरची विद्यापीठ क्रीडा स्पर्धा आटोपली आणि ठरलेलं रडगाणं सुरू झालं. ‘2023 ला चीनमधल्या चेंगडूत भारताची 26 पदकं, इथे फक्त 12. निम्म्याच्याही खाली!’ पाठोपाठ दुसरा आवाज: ‘पण 2024 ला दिल्लीत आपल्या नेमबाजांनी जागतिक विद्यापीठ स्पर्धेत पदकं मिळवली होती, ती कुणी मोजतच नाही.’ हे दोघे एकमेकांशी तावातावाने भांडतात, आणि चूक दोघांचीही एकच असते. फिसू या विद्यापीठ खेळांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची दोन वेगळी खाती आहेत, हे कुणी बघितलेलंच नसतं.

पहिलं खातं बहुतेकांच्या ओळखीचं. जागतिक विद्यापीठ क्रीडा स्पर्धा, जुनं नाव युनिव्हर्सियाड. 1959 ला ट्युरिनमध्ये सुरुवात, आता दर विषम वर्षी, सगळे खेळ एकत्र, उद्घाटन, मशाल, पदकतालिका. चेंगडूच्या नावात 2021 आहे आणि ती झाली 2023 ला, कारण करोना. एवढं पुरे.

दुसरं खातं म्हणजे जागतिक विद्यापीठ अजिंक्यपद. ही स्पर्धा सम वर्षी होते. एका वेळी एकच खेळ, आणि प्रत्येक खेळाचं यजमानपद वेगळ्या शहराकडे. दिल्लीत डॉ. कर्णी सिंग रेंजवर नोव्हेंबर 2024 मध्ये झालं ते हे: नेमबाजीचं विद्यापीठ अजिंक्यपद. खेळाडू दोन्हीकडे विद्यार्थीच, छातीवर तिरंगा दोन्हीकडे, आणि आपल्या बातम्यांत दोन्हींना सरसकट ‘जागतिक विद्यापीठ स्पर्धा’ म्हणतात. माझा राग या तीन शब्दांवर आहे. एकीला ‘क्रीडा स्पर्धा’ आणि दुसरीला ‘अजिंक्यपद’ म्हणा, निम्मा गोंधळ तिथेच मिटेल. (खेलो इंडियाच्या विद्यापीठ स्पर्धेला यात ओढणाऱ्यांना काय म्हणावं! तिथे पदक विद्यापीठाच्या नावावर जमा होतं, देशाच्या नाही.)

विषम-सम वर्षांचा फरक लक्षात ठेवला नाही तरी चालेल. लोक खरे आपटतात ते खेळांच्या यादीवर. विद्यापीठ क्रीडा स्पर्धेत 15 खेळ अनिवार्य असतात: अॅथलेटिक्स, पोहणं, तिरंदाजी, बॅडमिंटन, ज्युदो, टेनिस वगैरे. यजमान कुणीही असो, हे खेळ होणारच. याशिवाय आणखी काही खेळ यजमान निवडतो. नेमबाजी या अनिवार्य यादीत नाही. हे वाक्य पुन्हा वाचा, कारण भारताच्या पदकांचं सगळं गणित इथे अडकलंय. यजमानाने नेमबाजी घेतली तर आहे, नाही घेतली तर नाही. 2017 ला तायपेईने घेतली नव्हती. चेंगडूने घेतली, रोइंग, नेमबाजी आणि वुशू (चिनी युद्धकला) हे त्यांचे तीन ऐच्छिक खेळ. ऱ्हाइन-रूरने निवडले रोइंग, बीच व्हॉलीबॉल आणि थ्री बाय थ्री बास्केटबॉल. खेळ दोन्हीकडे 18, पण आपल्या हुकमाचा पत्ता एकाच ठिकाणी.

आता चेंगडूची 26 पदकं फोडून बघू. नेमबाजी 14, तिरंदाजी 7, अॅथलेटिक्स 4, ज्युदो 1. नेमबाजीची 14 बाजूला ठेवा. उरली किती? 12. ऱ्हाइन-रूरला किती मिळाली? 12. सुवर्णांचंही तेच. चेंगडूच्या 11 सुवर्णांपैकी 8 नेमबाजीतली, म्हणजे बाकी खेळांत 3, ऱ्हाइन-रूरला 2. ‘निम्म्याच्या खाली’ म्हणणाऱ्यांनी ही वजाबाकी केलेलीच नसते, आणि ती करायला फार तर अर्धा मिनिट लागतो.

उलट 2025 च्या 12 पदकांचा पसारा जास्त आहे. तिरंदाजी 5, अॅथलेटिक्स 5, बॅडमिंटन 1, टेनिस 1. टेनिसचं ते कांस्य पुण्याच्या वैष्णवी आडकरचं. याआधी टेनिसमध्ये भारताचं पदक म्हणजे 1979 मधलं नंदन बाळ यांचं रौप्य. आणि कंपाउंड तिरंदाजीत साहिल जाधवचं सुवर्ण. अंतिम फेरीत 149-148. एका लढतीत 15 बाण, प्रत्येकाचे जास्तीत जास्त 10 गुण, म्हणजे पठ्ठ्याचा एकच बाण नऊवर लागला, बाकीचे चौदा दहावर. समोरच्याचे दोनच गुण गेले आणि तेवढ्यात सुवर्ण हुकलं. अशा लढतीनंतर कुणी ‘घसरण’ असं शीर्षक दिलं की माझी तिडीक मस्तकात जाते.

मग दिल्लीतली नेमबाजीची पदकं या 12 मध्ये मिळवायची का? अजिबात नाही. ती खरी आहेत, जागतिक आहेत, विद्यार्थ्यांचीच आहेत, पण ती अजिंक्यपदाच्या खात्यातली. मुळात अजिंक्यपदाची ही सोय आहे तीच मुख्यतः अनिवार्य यादीबाहेरच्या खेळांसाठी. ज्या खेळाला विषम वर्षी जागा मिळेल याची खात्री नाही, त्याला सम वर्षी स्वतःचं मैदान. म्हणून नेमबाज तुम्हाला कधी दोन्हीकडे दिसतात आणि कधी एकाच ठिकाणी. 2023 ची 26 आणि 2025 ची 12 एकाखाली एक लिहिता येतात. त्यांच्यामध्ये 2024 ची ओळ घुसवली की तो तक्ता बिघडलाच.

क्रमांकाबद्दल फार लिहीत नाही. तालिका सुवर्णांवर लागते, एकूण पदकांवर नाही, म्हणून चेंगडूत आपण सातवे आणि ऱ्हाइन-रूरला विसावे. त्याच चेंगडूत यजमान चीनची सुवर्णं 103 होती, तेव्हा सातव्या क्रमांकाच्या आरत्याही जरा बेतानेच ओवाळा. चेंगडूआधीची भारताची एकूण पदकं कुठे 18 छापलेली सापडतात, कुठे 21. कुठलाही आकडा धरा, एकट्या चेंगडूची 26 त्याहून जास्तच भरतात.

पुढची क्रीडा स्पर्धा 2027 ला दक्षिण कोरियातल्या चुंगचोंगमध्ये आहे. भारतीय संघात कोण आहे ते मी नंतर बघेन. आधी बघेन यजमानांच्या यादीत नेमबाजी आहे की नाही.