मातृभाषिकाशी नुसत्या गप्पा मारून भाषा सुधारते का?

‘व्याकरण सोडा, मातृभाषिकासोबत तासभर बसा, चुका तो सुधारेलच,’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. अर्धा खरा आहे. भीड चेपते, कान तयार होतो. पण चुका सुधारतीलच असं नाही.

समजा, जर्मन शिकणारा म्हणाला, ‘इश बिन काल्ट.’ त्याला म्हणायचंय, मला थंडी वाजतेय. समोरची बाई म्हणते, ‘आख, दिर इस्ट काल्ट?’ आणि उठून खिडकी लावते. तिने ‘इश’ (मी) च्या जागी ‘दिर’ (तुला) वापरून चूक सुधारली, पण याला ऐकू आली ती फक्त विचारपूस. हा ‘या’ (हो) म्हणतो आणि पुढे बोलत राहतो. (गंमत म्हणजे मराठीत आपणही ‘मला’ म्हणतो, जर्मनमध्येही ‘मिअर’च हवं. घोळ इंग्रजीच्या सवयीचा.)

रॉय लिस्टर आणि लैला रांता यांनी 1997 मध्ये कॅनडातल्या फ्रेंच माध्यमाच्या वर्गांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे शिक्षकही बहुतेकदा चुकलेलं वाक्य नीट करून नुसतं परत म्हणत, आणि चूक दाखवण्याच्या सगळ्या पद्धतींत याचेच पडसाद मुलांच्या बोलण्यात सर्वांत कमी उमटत. शिक्षकांची ही गत, तर गप्पांना आलेल्या माणसाकडून काय अपेक्षा ठेवायची? शिवाय सारखं टोकणं त्यालाही उद्धटपणाचंच वाटतं.

म्हणून आधीच सांगून ठेवा: आज फक्त भूतकाळाच्या चुका पकडा, पण वाक्य पूर्ण होऊ द्या. तोही तुमची भाषा शिकत असेल, तर वेळ दोन्ही भाषांत निम्मा निम्मा वाटून घ्या, नाहीतर ज्याची भाषा सोपी पडते तिच्यातच सगळी संध्याकाळ जाते. आणि ‘हे असंच का?’ असं त्याला विचारू नका. आपण ‘ने’ कधी लावतो, हे आपल्याला तरी कुठे पटकन सांगता येतं?