भिंतीच्या आतलं विभाजन: वनस्पती पेशी आणि प्राणी पेशी

‘वनस्पती पेशी व प्राणी पेशी यांच्या सूत्री विभाजनातील फरक लिहा’ हा प्रश्न दिसला की वहीत मधोमध उभी रेघ पडते आणि दोन्ही बाजूंना चार-चार मुद्दे भरले जातात. माझी तक्रार त्या रेघेबद्दलच आहे. सूत्री विभाजन म्हणजे एका पेशीच्या दोन सारख्या पेशी होणं. त्याचा गाभा, म्हणजे गुणसूत्रांची (आनुवंशिक माहिती वाहणाऱ्या धाग्यांची) वाटणी, दोन्हीकडे जवळजवळ एकच आहे. कांद्याच्या मुळाच्या पेशीत १६ गुणसूत्रं, माणसाच्या पेशीत ४६. पण आखूड-जाड होणं, मध्यावर रांगेत येणं, मग दोन टोकांकडे खेचलं जाणं, हा क्रम दोघांचा सारखाच. १८८२ मध्ये जर्मन जीवशास्त्रज्ञ वाल्टर फ्लेमिंग यांनी हे सगळं सॅलॅमँडरच्या पेशींत पाहून मांडलं. सूत्री विभाजनाचा ‘मायटॉसिस’ हा शब्द ‘धागा’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला. आपलं ‘सूत्री’ही धाग्याचंच.

मग फरक कुठे? एक अगदी वरवरचा. गुणसूत्रं खेचणाऱ्या तंतूंची चातीसारखी रचना म्हणजे तर्कू. प्राणी पेशीत त्याच्या दोन टोकांना ताराकेंद्रं नावाच्या बारीक रचना असतात, फुलझाडांच्या पेशीत ती नसतात. यावरून अनेकांना वाटतं, की वनस्पतीत तर्कूच नसावा. तसं नाही. तिथे तंतू केंद्रकाभोवती आणि गुणसूत्रांजवळून जमू लागतात आणि तर्कू तयार होतो. फक्त टोकं निमुळती न होता जरा पसरट राहतात.

खरा फरक केंद्रकाची वाटणी होत आली, की सुरू होतो: परिकलविभाजनात, म्हणजे पेशीद्रव्याच्या वाटणीत. आणि त्याचं कारण एकच, पेशीभित्तिका, म्हणजे वनस्पती पेशीभोवतीची ताठ भिंत.

प्राणी पेशीला भिंत नाही. विभाजनाच्या वेळी ती बहुधा गोल होते, मग पटलाच्या, म्हणजे पेशीच्या पातळ आवरणाच्या, आतून ॲक्टिन आणि मायोसिनचं कडं आवळू लागतं. हीच प्रथिनं स्नायूही आकुंचित करतात. पिशवीची नाडी ओढावी तशी खाच बाहेरून आत जाते.

वनस्पतीला हे जमणार नाही. ताठ भिंत आवळायची कशी? म्हणून ती आतून बाहेर बांधकाम करते. गॉल्जी पिंडाकडून (पेशीतला माल बांधून पाठवणाऱ्या भागाकडून) आलेल्या सूक्ष्म पिशव्या पेशीच्या मधोमध जमतात, एकमेकींत मिसळतात आणि एक पातळ पट्टी तयार होते; ती कडेकडे वाढत जाऊन जुन्या भिंतीला मिळते. पिशव्यांतल्या मालातून नव्या भिंतीची सुरुवात होते, त्यांच्या आवरणांतून दोन्ही पेशींची पटलं.

मला सगळ्यात नवल वाटतं ते जागेच्या निवडीचं. एकदा बसलेली भिंत हलवता येत नाही, म्हणून मुळासारख्या अवयवांत जागा आधीच ठरते. पूर्वावस्थेच्या, म्हणजे विभाजनाच्या पहिल्या टप्प्याच्याही आधी सूक्ष्मनलिकांचा (तर्कूचे तंतू ज्यांचे बनतात त्या बारीक नळ्यांचा) एक पट्टा पटलाच्या आतून पेशीला वेढतो. केंद्रकावरण फुटतं, पट्टा नाहीसा होतो, आणि तरीही नवी भिंत शेवटी तिथेच येऊन टेकते. सुताराने आधी खूण करावी, ती पुसून टाकावी आणि करवत बरोबर तिथेच चालवावी, तसं. प्राणी पेशीत खाच कुठे पडणार, हे प्रामुख्याने तर्कूच्या जागेवरून ठरतं.

केंद्रकाची वाटणी आणि पेशीची वाटणी ही दोन वेगळी कामं आहेत, हे नारळाच्या पाण्यात नीट दिसतं. त्यात सुरुवातीला केंद्रकं विभागत राहतात, पण मध्ये भिंती येतच नाहीत. आपल्या यकृतातही दोन केंद्रकांच्या पेशी सापडतात.

कांद्याच्या मुळाच्या टोकाचा उभा छेद सूक्ष्मदर्शकाखाली धरा. पेशी विटांसारख्या ओळीत दिसतात. एखादीत गडद गुणसूत्रांचे दोन पुंजके आणि त्यांच्या मधोमध, कडेला अजून न पोहोचलेली फिकट रेघ: भिंत बांधली जात असतानाच गोठलेली. ओळीतल्या शेजारणी बऱ्याचदा सख्ख्या बहिणी असतात, आणि भिंतीत राहिलेल्या बारीक छिद्रांतून त्यांचं पेशीद्रव्य जोडलेलंच राहतं. प्राणी पेशीत मधला शेवटचा दोराही बहुधा तुटतो, आणि बहिणी हव्या तिकडे जायला मोकळ्या होतात.