अडकणे (बेळगाव सीमाभागातील प्रयोग)

अडकणे : पुढे सरकता न येणे, मध्येच धरले जाणे, गुंतून राहणे या अर्थांचे मराठी अकर्मक क्रियापद. प्रयोजक रूप अडकवणे. कर्नाटकातील बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात मराठी आणि कन्नड एकाच गल्लीत, पुष्कळदा एकाच घरात बोलल्या जातात. त्यामुळे या शब्दाचे मूळ आणि शेजार हे दोन्ही प्रश्न तिथे नुसते पुस्तकी राहत नाहीत. शब्दाचा सर्वसामान्य वापर वाचकांच्या परिचयाचा असल्याने त्याचा विस्तार येथे केलेला नाही.

व्युत्पत्ती : आड, आडवा, अडणे, अडवणे, अडसर, अडचण, अडथळा हा गोतावळा सामान्यतः एका मुळाचा मानतात. कन्नडमध्ये ‘अड्ड’ म्हणजे आडवे, वाटेत आलेले. ‘अड्डि’ म्हणजे हरकत. किटेलच्या 1894 च्या कन्नड कोशात हा शब्दसमूह आहे. बरो आणि एमेनो यांच्या द्राविडी व्युत्पत्तिकोशात (पहिली आवृत्ती 1961) तमिळ ‘अट्टम’ व तेलुगू ‘अड्डमु’ यांच्याबरोबर कन्नड ‘अड्ड’ची नोंद केली आहे. द्राविड कुळातील हा विस्तार पाहता मराठीने शब्द दक्षिणेकडून उचलला, असे म्हणण्याकडे एका पक्षाचा कल आहे. दुसरीकडे टर्नरने आपल्या भारतीय-आर्य भाषांच्या तौलनिक कोशात ‘अडवणे, थांबवणे’ या अर्थाचे ‘अड्ड’ असे कल्पित मूळ धरून त्याखाली उत्तरेकडील भाषांतील रूपे एकत्र केली आहेत. संस्कृतात या मुळाला सरळ आधार सापडत नाही, म्हणून जुनी परंपरा अशा शब्दांना ‘देशी’ म्हणून मोकळी होते. देशी म्हटल्याने मूळ कळत नाही, फक्त ते संस्कृत नाही एवढेच कळते.

हिंदीत ‘अड़ना’ आणि ‘अटकना’ अशी दोन क्रियापदे शेजारी शेजारी आहेत. गुजरातीत ‘अटकवुं’ म्हणजे थांबणे, पण ‘अडवुं’ म्हणजे स्पर्श होणे. मराठीत अटक, अटकाव ही ‘ट’ची रूपे आणि अडणे, अडकणे ही ‘ड’ची रूपे एकमेकांत मिसळल्यासारखी दिसतात. मूळ दोन असून ती मराठीत एकत्र आली असणे अशक्य नाही. शिवाय ‘अडकणे’मधला ‘क’ फडकणे, धडकणे, खटकणे यांतल्या ‘क’सारखा दिसतो आणि ही घडण आर्य भाषांच्या वळणाची आहे. तेव्हा मूळ ‘अड’ फार पूर्वी, बहुधा मराठी वेगळी भाषा म्हणून उभी राहण्याआधीच, द्राविड शेजारातून आले आणि त्यावर ‘क’ची घडण इकडे झाली, हे मत अधिक पटण्यासारखे वाटते. सीमाभागातील अलीकडच्या देवघेवीतून हा शब्द आला असे मानण्याचे कारण नाही. उत्तरेत त्याचे भाऊबंद इतके पसरलेले आहेत, ते बेळगावच्या बाजारातून तिकडे गेले नसणार.

याउलट ‘अडकित्ता’. सुपारी त्यात अडकते म्हणून अडकित्ता, अशी व्युत्पत्ती सीमाभागातील पानपट्टीवर आजही हौसेने सांगितली जाते. ती खरी नव्हे. कन्नडमध्ये ‘अडके’ म्हणजे सुपारी. सुपारी कातरायच्या हत्याराला ‘अडकत्तरि’, ‘अडकोत्तु’ अशी नावे आहेत आणि मराठी शब्द त्याच घरातून आला आहे. ‘अडकणे’शी त्याचे साम्य केवळ ध्वनीचे. उलट दिशेचा प्रवासही झाला आहे : कन्नडमधील ‘अडचणे’ हा शब्द मराठी ‘अडचण’वरून गेला असे सामान्यतः मानतात. मुळाबाबतचे वरचे मत ग्राह्य धरले, तर दक्षिणेचा शब्द मराठीत घडून पुन्हा दक्षिणेस गेला असे म्हणावे लागते.

शेजारचे शब्द : याच अर्थाने कन्नडभाषक ‘सिक्कु’ हे क्रियापद वापरतो. सापडणे, मिळणे, हाती लागणे आणि अडकणे हे सगळे अर्थ त्यात आहेत. केसांतल्या गुंत्यालाही ‘सिक्कु’च म्हणतात. गाडी चिखलात रुतली की उत्तर कर्नाटकाच्या बोलीत ‘गाडी सिक्कोंडैती’. मराठी ‘सापडणे’ असेच दुहेरी आहे : हरवलेली किल्ली सापडते आणि माणूस पावसात सापडतो, कचाट्यात सापडतो. सीमाभागात ‘गर्दीत सापडलो’ ऐकले की कानडीची छाया पडली असे काहींना वाटते. पण हा अर्थ पुण्या-साताऱ्याच्या मराठीतही असल्याने तसा निष्कर्ष जपूनच काढावा.

‘रुतणे’ला खाली मऊ जमीन लागते, खानापूरकडच्या भातशेतात रोपलावणीच्या दिवसांत पाय रुततो, अडकत नाही. ‘खोळंबणे’त वाट पाहणे आहे. ‘रखडणे’ला बाहेरचा अडथळा लागतोच असे नाही. ‘अडणे’ त्याहून खोल : प्रसूतीत बाई ‘अडते’, तिथे ‘अडकते’ चालत नाही. ‘अडला हरी गाढवाचे पाय धरी’ या म्हणीतही अडकण्यापेक्षा गरज मोठी आहे.

स्थानिक प्रयोग : वडगाव, शहापूर, खासबाग या बेळगावच्या विणकर वस्त्यांत शब्दाचा अर्थ डोळ्यांनी पाहता येतो. धोटा, म्हणजे आडवा धागा ओढून नेणारा मागाचा भाग, पलीकडच्या पेटीत पोचण्याआधी ताण्याचे, म्हणजे उभे, वरचे-खालचे धागे मिटले, तर तो मध्येच अडकतो आणि तेवढ्या पट्ट्यातले धागे एकदम तुटतात. मग विणकर माग थांबवून, वाकून, एकेक टोक शोधून गाठत बसतो. टिळकवाडीत रेल्वेच्या फाटकांना पहिले गेट, दुसरे गेट, तिसरे गेट अशीच नावे पडली आहेत. उशिरा येणाऱ्याचे ठरलेले उत्तर असे : ‘लवकरच निघालो होतो, खरं गेटात अडकलो.’ येथे ‘खरं’ म्हणजे ‘पण’. कोल्हापूर-बेळगावकडच्या बोलीची ती खूण आहे.

सार्वजनिक भाषेत हा शब्द सीमाप्रश्नाला चिकटला आहे. 1 नोव्हेंबर 1956 च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव तेव्हाच्या मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. 1966 मध्ये या सीमावादासाठी महाजन आयोग नेमला गेला, 1967 मध्ये त्याचा अहवाल आला, महाराष्ट्राने तो नाकारला आणि 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. मराठी भाषणांत व मजकुरात प्रश्न ‘रखडला’, ‘भिजत पडला’, ‘अडकून पडला’ असे तिन्ही प्रयोग आढळतात. स्वतःविषयी बोलताना मात्र सीमाभागातील माणूस ‘आम्ही इकडे अडकलो’ असेच म्हणतो. ‘रखडलो’ म्हणत नाही.